पडद्यावरचा आखाडा

(युवा कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा पुढच्या रांगेतील दोन-तीन ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्याचे मी पाहिले. ते स्वाभाविक आहे. आपल्या युवा महोत्सवात कबड्डी, सूर्यनमस्कार आणि वक्तृत्व यांच्या जोडीला या वेळी व्हिडिओ गेमची, आणि त्यातही लढतीच्या गेमची स्पर्धा घ्यावी, असा प्रस्ताव काही तरुण कार्यकर्त्यांनी मांडला आणि बैठकीत सरळ दोन तट पडले. निर्णय अद्याप व्हायचा आहे. मला येथे बोलावले आहे ते निवाडा देण्यासाठी नव्हे, माहिती देण्यासाठी. परंतु पत्रकार माणूस माहिती देता देता आपले मत सांगितल्याशिवाय राहत नाही, हा त्या व्यवसायाचा दोष आपण पोटात घालावा.

आधी हा खेळ म्हणजे काय ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांनी तो पाहिलेला नाही. बंदुका घेऊन धावणाऱ्यांचा हा खेळ नव्हे. पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात, वर दोघांच्या शक्तीच्या पट्ट्या असतात, वेळ मोजली जात असते. कोणताही तिसरा नाही, मदतीला चमू नाही, लपायला भिंत नाही. ज्याची पट्टी आधी संपेल तो डाव हरला. म्हणजे हा शुद्ध द्वंद्वाचा प्रकार आहे. आपल्याकडील कुस्तीशी त्याचे नाते फुटबॉलपेक्षा अधिक जवळचे आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' हा गेम बाजारात आणला आणि जगभरच्या गेम पार्लरमध्ये नाणी टाकून मुले एकमेकांशी झुंजू लागली. मुंबई-पुण्यातही ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना ती यंत्रे आठवत असतील. घरी न सांगता तेथे गेल्याबद्दल खाल्लेला मारही आठवत असेल.

त्याच गेममध्ये धालसिम नावाचे एक पात्र आहे. हा भारतीय योगी. गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांब होतात आणि तोंडातून ज्वाळा निघतात. आपल्या योगपरंपरेचे हे व्यंगचित्र पाहून माझे पित्त खवळले होते. मग कथा वाचली. त्या कवट्या त्याच्या गावात साथीने दगावलेल्या मुलांच्या आहेत आणि हा मूळचा शांतताप्रिय मनुष्य गावासाठी पैसा उभा करण्याकरिता लढतो, असे त्याच्या निर्मात्यांनी रचले आहे. चित्रण अज्ञानातून आलेले आहे, हे माझे मत आजही कायम आहे. पण आपण आपली चित्रे स्वतः काढली नाहीत, तर ती दुसरा कोणीतरी काढणार. पुण्यातील काही तरुणांनी २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला, त्यात आपल्या देवदेवता, आपले स्थापत्य आहे. तो लढतीच्या प्रकारातला नसला, तरी मला त्याचा आनंद झाला.

असो. विषय स्पर्धेच्या संयोजनाचा आहे. या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा अमेरिकेत होते. तिचे नाव 'इव्हो', म्हणजे इव्होल्युशन. तिचा जन्म कसा झाला हे संघटनेचे काम करणाऱ्यांनी अवश्य ऐकावे. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावात, गोल्फलँड नावाच्या एका करमणूक केंद्रात, सुमारे चाळीस मुले जमली. त्या वेळी इंटरनेटवर प्रत्येक गावातील मुले आमचाच खेळाडू श्रेष्ठ म्हणून भांडत असत. टॉम आणि टोनी कॅनन हे दोघे भाऊ आणि त्यांचे काही मित्र यांनी ठरवले की, भांडण लिहून मिटणार नाही, समोरासमोर बसून मिटवू. पाठीशी ना कोणी उद्योगपती होता, ना खुद्द गेम बनवणारी कंपनी. २००२ मध्ये स्पर्धेने सध्याचे नाव घेतले, २००५ मध्ये ती लास वेगासला गेली, २०१६ मध्ये तिचे अंतिम सामने तेथील एका मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात झाले आणि २०२३ मध्ये 'स्ट्रीट फायटर ६' या एकाच गेमसाठी सात हजारांहून अधिक खेळाडूंनी नावे नोंदवली. चाळीसपासून सात हजारांपर्यंत. हे सत्तावीस वर्षांचे काम प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिले आहे. एका गावात दर आठवड्याला दहा-बारा जणांनी जमायचे, त्यांतून जिल्ह्याची स्पर्धा, मग प्रांताची. ही रचना येथे बसलेल्या कोणालाही अपरिचित वाटू नये.

या स्पर्धेचे द्वार सर्वांसाठी उघडे असते, हे मला तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. जगज्जेता असो वा काल खेळायला लागलेला पोरगा, प्रवेश एकाच रांगेतून. आपल्याकडे जत्रेतील फडात जोड लावताना वस्ताद मंडळी अंगलोट पाहतात, घराणे पाहतात आणि कधी कधी वशिलाही पाहतात, हे कोल्हापूर-सांगलीकडील मंडळींना मी सांगायला नको. येथे जोड कागदावर लागते. नामांकित खेळाडूंना मानांकन देऊन वेगवेगळ्या गटांत ठेवतात, एकाच गावचे किंवा एकाच घरचे दोघे पहिल्याच फेरीत भिडू नयेत हे पाहतात, आणि बाकी सर्व जाहीर असते.

आता ज्या पद्धतीने सामने होतात ती जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते तिच्यातच या स्पर्धेचा आत्मा आहे. आपल्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरला की घरी. येथे दुहेरी बाद पद्धत वापरतात. पहिला पराभव झाला की खेळाडू पराभूतांच्या गटात जातो आणि तेथे पुन्हा लढत राहतो. दुसऱ्या पराभवानंतरच त्याची स्पर्धा संपते. ३२ खेळाडू धरा. एकतीस जणांना प्रत्येकी दोनदा हरावे लागते, म्हणजे बासष्ट सामने झाले. आणि विजेता एकदा हरला असेल तर त्रेसष्ट. पहिलाच सामना हरलेल्या मुलालाही विजेतेपदाचा मार्ग मोकळा असतो, पण तो किती खडतर! पराभूतांच्या गटात सलग आठ सामने जिंकायचे आणि मग अंतिम फेरीत एकदाही न हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला एकदा नव्हे, दोनदा हरवायचे.

२००४ मधील एक प्रसंग या क्षेत्रात दंतकथेसारखा सांगितला जातो. जपानचा दाईगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांच्यात पराभूतांच्या गटाचा अंतिम सामना चालू होता. दाईगोच्या योद्ध्याची शक्ती इतकी संपत आली होती की, वार हातावर झेलला असता तरी तेवढ्या धक्क्याने तो पडला असता. वाँगने पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. त्या गेममध्ये वार निष्फळ करण्याचा एकच उपाय उरतो: वार पोहोचण्याच्या नेमक्या क्षणी मागे न हटता पुढे जाण्याची खूण करायची. चुकले तर संपले. दाईगोने एकामागून एक पंधराही वार असे परतवले, प्रतिहल्ला केला आणि तो डाव जिंकला. सभागृहातील जल्लोषाचे चित्रण आजही उपलब्ध आहे, तरुणांनी ते पाहिलेले असणारच. मात्र पुढचा भाग अनेकांना ठाऊक नसतो. ती स्पर्धा दाईगोने जिंकली नाही, अंतिम फेरीत तो आपल्याच एका देशबांधवाकडून हरला. पुढे काही काळ त्याने खेळ सोडला आणि वृद्धांची शुश्रूषा करण्याचे काम पत्करले. मग परत आला आणि २००९ व २०१० अशी लागोपाठ दोन वर्षे इव्होचा विजेता ठरला. या खेळातील मुले बिघडलेली असतात असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचाही विचार करावा.

सेवेचा विषय निघालाच आहे तर २०१३ ची गोष्टही सांगितली पाहिजे. त्या वर्षी आठवा गेम कोणता घ्यावा, याचा निर्णय संयोजकांनी चाहत्यांवर सोडला, पण मतदान फुकट नव्हते. स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी देणगी द्यायची आणि आपल्या आवडत्या गेमच्या नावे ती नोंदवायची. विजयी गेमच्या चाहत्यांनी एकट्याने चौऱ्याण्णव हजार डॉलरहून अधिक रक्कम उभी केली; एकूण निधी सव्वादोन लाख डॉलरच्या वर गेला. आपल्या महोत्सवाच्या सेवानिधीसाठी याहून चांगली कल्पना मला तरी सुचत नाही.

आता थोडे कडू. २०१९ मध्ये 'टेकन ७' या गेमची जपानमधील इव्हो आणि त्याच वर्षी लास वेगासमधील इव्हो, अशा दोन्ही स्पर्धा अर्सलान ऐश नावाच्या एका तरुणाने जिंकल्या. तो लाहोरचा आहे. जपानला जाताना त्याची विमाने चुकली, कसाबसा वेळेवर पोहोचला. तोवर या गेममध्ये कोरियाचा दबदबा होता आणि लाहोरचे नाव कोणाच्या गावीही नव्हते. जिंकल्यावर त्याने सांगितले की, आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी अनेक आहेत. कोरियाचा एक दिग्गज खेळाडू ते पाहायला स्वतः लाहोरला गेला आणि तेथे त्याला हार खावी लागली. ही बातमी वाचून तुमच्यापैकी अनेकांना जसे वाटले असेल तसेच मलाही वाटले. पण चडफडून उपयोग नाही. लाहोरच्या मुलांकडे पैसा नव्हता, आधुनिक सभागृहे नव्हती. गेम पार्लरमध्ये रोज एकमेकांशी खेळून ती तयार झाली. जुन्या तालमीत पोरे घडत तशी. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञानाचे एवढे मनुष्यबळ आहे, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत लढतीच्या गेमला पदकाचा दर्जा मिळाला तेव्हा आपले दोन खेळाडू तेथे उतरलेही होते. ते पदकापर्यंत पोहोचले नाहीत. सुवर्ण मिळवणारा कोरियाचा किम ग्वान-वू त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचा होता. तेव्हा हा पोरखेळ आहे, असेही म्हणता येत नाही.

आणखी एक बातमी मराठी वृत्तपत्रांत फारशी आली नाही. २०२१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने एका भागीदारासह ही इव्हो स्पर्धा विकत घेतली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने आपला हिस्सा सोडला, आणि तो हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीने घेतल्याचे जाहीर झाले. म्हणजे कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या स्पर्धेच्या मालकीत भारतीय नाव आले. मालकी येते आणि खेळाडू येत नाहीत, ही अवस्था फार दिवस राहू देणे शोभणारे नाही.

गेल्या वर्षी मी एका उपनगरातील महाविद्यालयात अशी स्पर्धा बघायला गेलो होतो. निमंत्रण सकाळी नऊचे, पहिला सामना सव्वाबाराला. प्रमुख पाहुणे आले नव्हते! खेळाडूंनी तीन तास पाहुण्यांची वाट पाहिली. एक मुलगा पहाटेच्या एसटीने आला होता, स्वतःचा कंट्रोलर पिशवीत जपून आणलेला. त्याला जो टीव्ही मिळाला, त्यावर कळ दाबल्यानंतर चित्र किंचित उशिरा हलत होते. या खेळात सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब असतो. मुलाने पंचांना सांगितले, पंच म्हणाले, दोघांनाही तोच टीव्ही आहे, खेळ. तो हरला. साधी बाद पद्धत होती, त्यामुळे दहा मिनिटांत त्याची स्पर्धा संपली. दुपारी यजमान महाविद्यालयाचा लाडका खेळाडू हरला, तेव्हा मात्र कसलेसे कारण काढून तो सामना पुन्हा खेळवण्यात आला. तो एसटीने आलेला मुलगा भिंतीला टेकून हे सर्व पाहत होता. काही बोलला नाही. मी त्याला चहा पाजला, त्याहून अधिक काही करू शकलो नाही, याची खंत वाटते. या प्रस्तावाच्या बाजूने मी आज उभा आहे तो त्या मुलामुळे. अशी मुले गावोगाव आहेत, आणि त्यांना कोणी न्यायाने खेळवत नाही.

तेव्हा आपण स्पर्धा घेणार असू, तर ती नीट घ्यायची. सर्व टीव्ही आदल्या रात्री लावून, गेम मोडवर टाकून, एकेक तपासायचे. शक्य असेल तर संगणकाचे मॉनिटर वापरायचे. खेळाडूंनी कंट्रोलर स्वतःचा आणावा. बिनतारी कंट्रोलर असेल तर खेळ संपताच त्याची जोडणी तोडायला लावावी, नाहीतर मागे बसलेल्याचा चुकून हात लागतो आणि चालू सामना थांबतो. असा व्यत्यय ज्याच्याकडून येईल त्याला तो डाव गमवावा लागतो, हा नियम कठोर वाटतो पण आवश्यक आहे. कोण कोणत्या बाजूला बसणार यावर वाद झाला तर दगड-कागद-कात्री, चर्चा नाही. जिंकणाऱ्याने पुढच्या डावात तोच योद्धा ठेवायचा, हरणाऱ्याला बदलण्याची मुभा. नाव पुकारल्यावर ठरलेल्या मिनिटांत जो येणार नाही त्याला बाद करायचे, मग तो नगरसेवकांचा भाचा का असेना. दोन मित्रांनी संगनमत करून सामना सोडला, तर दोघेही बाद.

वेळेचे गणित आधी करा. बसणे-उठणे धरून एका सामन्याला दहा मिनिटे लागतात. बत्तीस जणांचे त्रेसष्ट सामने एका टीव्हीवर घेतले तर साडेदहा तास होतात. सहा टीव्ही असतील तर कागदावर पावणेदोन तास दिसतात, पण शेवटच्या फेऱ्या एकामागून एकच होतात, म्हणून साडेतीन-चार तास धरा. उद्घाटन दहा मिनिटांत आटोपा. दीपप्रज्वलन जरूर करा, भाषणे संध्याकाळी.

पैशाचा विषय नाजूक आहे. परदेशी स्पर्धांमध्ये प्रवेशशुल्काचा गल्ला जमवून तोच विजेत्यांत वाटण्याची प्रथा जुनी आहे. आपण ते करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळले जाणारे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. त्या कायद्यातील व्याख्येनुसार ई-स्पोर्ट्समध्ये शुल्क घ्यायचे ते केवळ प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी; गुणवत्तेवर बक्षीस देता येते; पैज किंवा डाव कोणीही लावता कामा नये, प्रेक्षकांनीही नाही. या कायद्याचे मी मनापासून स्वागत केले होते, कारण जुगारापायी उद्ध्वस्त झालेली घरे पत्रकारितेत मी जवळून पाहिली आहेत. आपल्यातील वकील कार्यकर्त्याकडून नियमावली तपासून घ्या. बक्षिसे देणगीतून द्या, शुल्क पन्नास रुपयांच्या वर नेऊ नका, आणि सभागृहात कोणी पैज लावताना दिसला तर त्याला तेथून बाहेर काढा.

आता माता-भगिनींच्या आक्षेपाकडे येतो. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुले तासन्‌तास पडद्यासमोर बसतात, अभ्यास बुडतो, घरात उलट बोलतात. गेमच्या आहारी जाणे हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदवले आहे. हे नाकारून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, व्यसन बंद खोलीत एकट्याने वाढते. स्पर्धेत मुलगा खोलीतून बाहेर येतो, समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो, हरतो, हस्तांदोलन करतो आणि कसा हरलो हे त्यालाच विचारतो. घरी बसून शिव्या देणारा मुलगा प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीवर असला की सभ्य होतो, हे मी पाहिले आहे. अर्थात केवळ याच खेळात रमणाऱ्याला मैदानावर आणणे ही आपली जबाबदारी राहते. म्हणून माझी एक सूचना आहे: नावनोंदणीसाठी सकाळी सहाच्या सूर्यनमस्कारांना उपस्थिती अनिवार्य करावी. तरुण कार्यकर्ते हसत आहेत, पण मी गंभीरपणे बोलतो आहे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र हसण्यासारखे काही नाही. २०२० मध्ये इव्होच्या एका प्रमुख संयोजकावर पूर्वी अल्पवयीन मुलांशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. त्याला पदावरून दूर करण्यात आले आणि त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली. पंचवीस वर्षांच्या पुण्याईला असा डाग लागला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलासोबत पालक हवा किंवा पालकांचे पत्र हवे. कोणत्याही कार्यकर्त्याने मुलाला एकट्याने घरी सोडायला जाऊ नये, दोघांनी जावे. तक्रार ऐकण्यासाठी एक ज्येष्ठ भगिनी दिवसभर उपस्थित असावी आणि तिचे नाव प्रवेशद्वारावर ठळक लिहावे. मुलींसाठी वेगळा गट नको. या खेळात बळाचा प्रश्नच नाही, त्यांनी सर्वांबरोबर खेळावे. परंतु त्यांच्यावर कोणी शेरेबाजी केली, तर पंचांनी त्याच क्षणी त्याला बाद करावे.

हे विदेशी खूळ आहे, असा एक आक्षेप उरतो. खो-खोची नियमावली पुण्यात १९१४ मध्ये बसवली गेली, त्याआधी तो गल्लीतला खेळच होता. नियम बसवणारी माणसे येथलीच होती. गेम जपानचा आहे, स्पर्धेची पद्धत अमेरिकेची आहे, हे खरे. पण शिस्त, वेळ आणि निःपक्षपातीपणा आपण आणायचा आहे.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले, तेव्हा आवरतो. महोत्सवाचा निर्णय बैठक घेईल. तोवर एक छोटा प्रयोग करावा, अशी विनंती आहे. येत्या महिन्यातील एका रविवारी सोळा मुले, चार टीव्ही, दुहेरी बाद पद्धत, सकाळी आठ ते दुपारी एक. ज्यांचा विरोध आहे त्या ज्येष्ठांपैकी दोघांनी पंच म्हणून बसावे. गेम कळला नाही तरी चालेल, नियमांचा कागद हातात असला की पुरे. जोड्यांचा तक्ता लिहायला मी बसेन. मोठा फळा आणि दोन रंगांचे खडू लागतील, पराभूतांच्या गटासाठी वेगळा रंग हवा. टीव्ही कोण आणणार, त्यांनी आत्ताच हात वर करावेत.